एक वचन आणि एकोणीस वर्षे

सूत्र कशाला म्हणावे याचे लक्षण आपल्या शास्त्रकारांनी फार नेमकेपणाने करून ठेविले आहे. अक्षरे मोजकी असावीत, अर्थाविषयी संदेह नसावा, आत सार भरलेले असावे आणि एकही शब्द फुकट गेलेला नसावा. वैयाकरणाला अर्धी मात्रा वाचविता आली तरी पुत्रजन्माइतका आनंद होतो, असे पंडितमंडळी कौतुकाने सांगत आली आहेत. अक्षरांचा हा काटकसरीपणा केवळ पाठांतराच्या सोयीसाठी नव्हता. जे थोडक्यात सांगितले जाते ते मनुष्याबरोबर चालते. मोठा ग्रंथ घरी फळीवर राहतो. लहानसे वचन मात्र बाजारात, शेताच्या बांधावर, स्वयंपाकघरात आणि कचेरीतही सोबत करते.

नाताळच्या निमित्ताने आज अशाच काही लहान वचनांविषयी लिहावयाचे आहे. ख्रिस्ती कुटुंबांनी आपला नित्याचा संसार ज्यांच्या आधाराने चालवावा असे त्या धर्मात मानले आहे, ती ही वचने. आपल्या घरी देवपूजा होते, एकादशी पाळली जाते, तेव्हा या वचनांशी आपला काय संबंध, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. त्याचे उत्तर पुढे ओघाने येईल. तूर्त इतकेच सांगतो, की या वचनांच्या इतिहासात एक धडा असा आहे, जो सुभाषितांच्या राशीवर बसलेल्या आपल्यासारख्यांना विशेष उपयोगी आहे. वचनांचा संग्रह करणे निराळे आणि एका वचनाच्या स्वाधीन होणे निराळे, हाच तो धडा होय.

नीतिसूत्रांचा ग्रंथ

ख्रिस्ती लोकांच्या पवित्र शास्त्राचा पहिला भाग, ज्याला ‘जुना करार’ म्हणतात, तो मुळात यहुदी लोकांचा धर्मग्रंथ आहे. त्यात एक पुस्तक आहे. मराठी बायबलात त्याचे नाव ‘नीतिसूत्रे’ असे दिलेले आढळते. परंपरेने ते शलमोन राजाच्या नावावर आहे. तथापि ग्रंथ स्वतःच सांगतो, की यात अनेकांची वचने आहेत. यहूदाचा राजा हिज्कीया याच्या पदरच्या माणसांनी काही भाग उतरून घेतला, अशी नोंद त्यात आहे. एक अध्याय आगूर नावाच्या पुरुषाचा आहे. शेवटच्या अध्यायातील उपदेश लमुएल राजाला त्याच्या आईने केलेला आहे. राजाला राजनीती शिकविणारी माता म्हटली, की आपल्या डोळ्यांसमोर विदुला उभी राहते.

मूळ हिब्रू भाषेत अशा वचनाला ‘माशाल’ म्हणतात. त्या शब्दात तुलनेचा, सादृश्याचा अर्थ आहे. वचन बहुधा दोन चरणांचे असते. पहिल्या चरणात एक गोष्ट मांडावयाची आणि दुसऱ्या चरणात तिला जुळणारी किंवा तिच्या अगदी उलट गोष्ट ठेवावयाची, अशी ही घडण. संस्कृत काव्यशास्त्राचा परिचय असलेल्यांस येथे दृष्टांत आणि प्रतिवस्तूपमा या अलंकारांची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. ग्रंथाचे अध्याय एकूण 31. महिन्याच्या तारखेप्रमाणे रोज एक अध्याय वाचावा, अशी रीत कित्येक ख्रिस्ती कुटुंबांत आहे. शेवटच्या 22 ओळींत कर्तबगार गृहिणीची स्तुती आहे आणि त्या ओळींची आद्याक्षरे हिब्रू वर्णमालेच्या 22 अक्षरांच्या क्रमाने येतात. त्या गृहिणीचे वर्णन करताना तिच्या रूपाला महत्त्व दिलेले नाही. ती पहाटे उठते, सूत कातते, शेत विकत घेते, गरिबापुढे हात पसरते तो देण्यासाठी, आणि तिच्या जिभेवर ममतेची शिकवण असते, असे तिचे गुण गायिले आहेत.

हे शहाणपण एकाच देशात उपजले, असेही नाही. इजिप्तमध्ये आमेनेमोपे नावाच्या लेखनिकाने आपल्या मुलासाठी रचलेला 30 प्रकरणांचा उपदेशग्रंथ लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममधील पपायरसावर सापडला आणि 1923 साली तो छापून प्रसिद्ध झाला. नीतिसूत्रांच्या बाविसाव्या अध्यायापासून पुढे येणाऱ्या काही वचनांशी त्याचे विलक्षण साम्य आहे, हे विद्वानांनी लागलीच दाखवून दिले. आपल्या पंचतंत्राच्या कथा ज्याप्रमाणे पहलवी आणि अरबी भाषांतून पश्चिमेकडे गेल्या, त्याप्रमाणेच शहाणपणही व्यापाऱ्यांच्या तांड्यांबरोबर हिंडत असते. ज्याने ते जगून पाहिले, त्याचेच ते होते.

आणखी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. सव्विसाव्या अध्यायात दोन वचने शेजारी शेजारी ठेवलेली आहेत. मूर्खाला त्याच्याच पातळीवर उतरून उत्तर देऊ नये, असे पहिले सांगते. मूर्खाला त्याच्या पद्धतीने उत्तर द्यावे, नाहीतर तो स्वतःला शहाणा समजेल, असे दुसरे सांगते. वरवर पाहणाऱ्याला हा संकलकाचा गलथानपणा वाटेल. वस्तुतः त्यात मोठा विवेक आहे. कोणते वचन कोणत्या प्रसंगी लागू करावयाचे हे वचन स्वतः सांगत नाही. ते ओळखण्याची जबाबदारी माणसावर असते. वैद्याच्या कपाटात ज्वरावरचे औषध असते आणि थंडीवरचेही असते. म्हणून काही वैद्य स्वतःच्याच विरुद्ध बोलतो असे होत नाही.

चुलीपासून तराजूपर्यंत

या वचनांचा विषय मोक्ष नाही, समाधी नाही, सृष्टीची उत्पत्तीही नाही. विषय आहे तो रोजच्या व्यवहाराचा. सौम्य उत्तराने राग शमतो आणि कठोर शब्दाने तो पेटतो, हे एक सूत्र आहे. प्रेमाच्या घरची साधी भाजी आणि द्वेषाच्या घरचे मेजवानीचे जेवण यांची तुलना करून भाजीला वरचा मान देणारे दुसरे आहे. दुर्योधनाचे पक्वान्न नाकारून विदुराच्या घरी जेवणाऱ्या भगवंताची कथा ज्यांनी ऐकली आहे, त्यांना या सूत्रावर निराळे भाष्य नको. आळशाने मुंगीपाशी शिकवणी लावावी, असा विनोदाचा चिमटाही एका ठिकाणी आहे. आगुराने तर देवापाशी एक अपूर्व मागणे मागितले आहे. दारिद्र्य नको आणि श्रीमंतीही नको, लागेल तेवढी भाकर दे, असे तो म्हणतो. फार मिळाले तर देवाचा विसर पडेल आणि काहीच मिळाले नाही तर चोरीची बुद्धी होईल, हे त्याचे कारण. संसारी माणसाची इतकी प्रामाणिक प्रार्थना क्वचितच ऐकू येते.

पण या ग्रंथातील ज्या सूत्रापाशी क्षेत्राच्या गावी राहणाऱ्याने थोडे थांबावे, ते तराजूचे आहे. खोट्या मापाचा देवाला वीट आहे, ही गोष्ट त्या ग्रंथात एकदा सांगून भागले नाही, ती पुन्हा पुन्हा सांगितली आहे. घेण्याचे वजन एक आणि देण्याचे वजन दुसरे, अशी दोन वजने बाळगणाऱ्याचा तेथे निषेध आहे. यात्रेच्या दिवसांत लांबून आलेल्या भाविकाला खडीसाखरेचा पुडा किंवा पेढ्याची पेटी कमी वजनाची मिळाली, तर त्या दुकानाच्या गल्ल्यावर लावलेली देवाची तसबीर काय म्हणत असेल? नीतिसूत्रकाराचे उत्तर स्पष्ट आहे. देऊळ आणि दुकान यांच्यामध्ये त्याने भिंत घातलेली नाही. तराजूचा काटा हाही पूजेचाच भाग आहे, असे त्याचे म्हणणे.

शेजाऱ्याला द्यावयाची वस्तू जवळ असताना त्याला ‘उद्या ये’ म्हणून परत पाठवू नये, असेही तेथे सांगितले आहे. हाच धागा पुढे नव्या करारातील याकोबाच्या पत्रात अधिक ताठ होतो. हे पत्र अवघ्या 5 अध्यायांचे. त्यात जिभेविषयीचे विवेचन आहे. घोड्याच्या तोंडातील लगाम केवढासा, तारवाचे सुकाणू केवढेसे, आणि रान पेटविणारी ठिणगी केवढीशी, अशा तीन उपमा देऊन तो जिभेच्या लहानपणातील सामर्थ्य दाखवितो. आणि मजुराची अडवून ठेवलेली मजुरीच देवापाशी ओरडून फिर्याद करते, असे त्याचे सांगणे आहे. सणाच्या दिवशी आपल्या घरी पुरणपोळी व्हावी आणि आदल्या महिन्याचे धुण्याभांड्याचे पैसे मात्र ‘सण झाल्यावर देऊ’ म्हणून लांबणीवर टाकावेत, हा अनुभव कोणत्याही धर्माच्या घराला परका नाही. म्हणून हे सूत्र ऐकताना ते कोणाच्या ग्रंथातील आहे हा प्रश्न मागे पडतो आणि पैसे दिले की नाहीत, हा प्रश्न पुढे येतो.

वाळवंटातील एक शब्द

आता ज्या इतिहासाचा उल्लेख आरंभी केला, तिकडे वळू. इसवी सनाच्या चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात ख्रिस्ती तपस्व्यांच्या वस्त्या वाढू लागल्या. त्यांच्यातील मूळ पुरुष अँथनी. त्याने तरुणपणी प्रार्थनामंदिरात शुभवर्तमानातील एक वाक्य ऐकिले. सर्वस्व विकून गरिबांना देण्याविषयीचे ते वाक्य होते. त्याने ते आपल्यालाच उद्देशून आहे असे मानले आणि वडिलार्जित जमीन देऊन टाकिली. पुढे नित्रिया आणि स्केटिस या ठिकाणी शेकडो तपस्वी राहू लागले. वडीलधाऱ्या तपस्व्याला ‘अब्बा’ म्हणत आणि तपस्विनीला ‘अम्मा’. अम्मा सिंक्लेटिका, अम्मा सारा यांची वचनेही पुरुषांच्या वचनांबरोबर आदराने जपलेली आहेत.

या वस्त्यांत एक प्रघात होता. दुरून चालत आलेला साधक वृद्ध तपस्व्यापुढे नमून म्हणे, की अब्बा, मला एक शब्द द्या. तो प्रवचन मागत नसे. त्याच्या त्या वेळच्या व्याधीवर लागू पडेल असे एकच वाक्य त्याला हवे असे. वृद्धाने ते द्यावयाचे आणि त्याने ते घेऊन आपल्या कुटीकडे परतावयाचे. कित्येकदा वृद्ध मौनच पाळी. आधी दिलेला शब्द अजून आचरणात आला नाही, मग दुसरा कशाला, असा त्या मौनाचा अर्थ असे. पुढे ही वचने संग्रहित झाली. त्यांचा एक संग्रह ग्रीक वर्णमालेच्या क्रमाने, वक्त्यांच्या नावांनुसार लाविलेला आहे.

पाम्बो नावाच्या तपस्व्याची हकीगत पाचव्या शतकातील सॉक्रेटिस नावाच्या इतिहासकाराने नोंदविली आहे. (अथेन्सचा तत्त्वज्ञ सॉक्रेटिस निराळा.) पाम्बोला अक्षरओळख नव्हती. तो एका जाणत्या माणसाकडे स्तोत्र शिकावयास गेला. जिभेने पाप घडू नये म्हणून मी सावध राहीन, अशा आशयाची पहिली ओळ त्याने ऐकिली आणि तो उठला. पुढची ओळ ऐकून घेण्यास तो थांबला नाही. हीच साधली तर पुष्कळ झाले, असे म्हणून तो चालता झाला. सहा महिन्यांनी गुरूने विचारले, की इतके दिवस आला का नाहीस? त्याने सांगितले, की ती ओळ अजून करून झाली नाही. पुढे बरीच वर्षे लोटल्यावर कोणी विचारले, आता तरी आली का? तेव्हा तो म्हणाला, एकोणीस वर्षांत कशीबशी जमू लागली आहे.

कीर्तनातून लहान युधिष्ठिराची जी कथा सांगतात, तिची येथे आठवण होईल. गुरूने सर्व राजपुत्रांना ‘क्रोध करू नये’ एवढा पाठ दिला. इतरांनी तो त्याच दिवशी म्हणून दाखविला. युधिष्ठिर मात्र कित्येक दिवस ‘मला पाठ येत नाही’ असेच सांगत राहिला. गुरूने रागावून मारले, तरी मनात क्रोध उठला नाही, तेव्हा कोठे तो म्हणाला, की आता थोडा आला. नाईल नदीच्या वाळवंटातील निरक्षर तपस्वी आणि हस्तिनापूरचा राजपुत्र यांची ओळख असण्याचे कारण नाही. पण पाठ येणे म्हणजे काय, याविषयी दोघांचे एकमत आहे.

याच्या उलट चित्र पाहावयाचे असेल तर तेही महाभारतातच आहे. उद्योगपर्वात झोप उडालेल्या धृतराष्ट्राला विदुराने रात्रभर नीती सांगितली. विदुरनीती या नावाने आपण ते 8 अध्याय वेगळे छापतो, वाचतो, त्यातील श्लोक मुलांकडून पाठ करून घेतो. धृतराष्ट्राने एकाही वचनाला हरकत घेतली नाही. तुझे सर्व पटते, पण दुर्योधन समोर आला की माझी बुद्धी फिरते, असा त्याच्या बोलण्याचा मथितार्थ. आठ अध्याय ऐकूनही कुरुक्षेत्र टळले नाही. एकीकडे एका ओळीवर एकोणीस वर्षे घालविणारा पाम्बो आणि दुसरीकडे एका रात्रीत आठ अध्यायांना मान डोलावणारा धृतराष्ट्र. आपण यांपैकी कोणाच्या बाजूला बसलो आहोत, हा प्रश्न प्रत्येक श्रोत्याने आणि आम्हां कीर्तनकारांनी तर आधी, स्वतःला विचारावा. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण आमच्याच व्यवसायाकडे पाहून कोणी तरी केली असावी.

कुसळ आणि मुसळ

दुसऱ्याच्या डोळ्यातील कुसळ दिसते, पण स्वतःच्या डोळ्यातील मुसळ दिसत नाही, हे आपण बोलता बोलता म्हणून जातो. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या 5 ते 7 या अध्यायांत येशूचे ‘डोंगरावरील प्रवचन’ आहे, त्यात हाच दृष्टांत आहे. संस्कृतातही परक्याचा दोष मोहरीएवढा असला तरी दिसतो आणि स्वतःचा बेलफळाएवढा असून दिसत नाही, अशा अर्थाचे सुभाषित प्रसिद्ध आहे. एवढे साम्य सापडले, की आपण समाधानाने म्हणतो, ‘हे तर आपल्याकडेही आहे.’ माझा आक्षेप आहे तो या वाक्याला. ते खोटे नाही. पण ते उच्चारले की विचार थांबतो, ही त्याची खोड आहे. दाराशी आलेल्या पाहुण्याला ‘आमच्याकडेही पाहुणे आहेत’ असे म्हणून दार लावून घेण्यासारखेच ते होय.

थोडे थांबून दोन्ही वचने शेजारी ठेवावीत. संस्कृत सुभाषित खलपुरुषाचे लक्षण सांगते. दुर्जन कसा ओळखावा हे ते शिकविते. ऐकणारा सज्जनांच्या बाजूस उभा राहून खलाकडे पाहू शकतो. येशूचे वचन मात्र ऐकणाऱ्यालाच धरते. आणि तेथेही ते संपत नाही. आधी आपल्या डोळ्यातील मुसळ काढ, म्हणजे भावाच्या डोळ्यातील कुसळ काढण्याइतके तुला नीट दिसेल, असे ते पुढे जाते. म्हणजे दुसऱ्याचा दोष पाहूच नये, असा त्याचा निष्कर्ष नाही. भावाच्या डोळ्यात खरोखर कुसळ आहे, ते टोचते आहे आणि ते कोणी तरी काढावयास हवे. प्रश्न आहे तो काढणाऱ्याच्या दृष्टीचा. सून आणि सासू, थोरला भाऊ आणि धाकटा भाऊ यांच्यातील नित्याच्या कलहात या दुसऱ्या अर्ध्या भागाचा केवढा उपयोग आहे! पण ‘हे आपल्याकडेही आहे’ असे म्हणून पुस्तक मिटले, तर तो अर्धा भाग आपल्याला कधीच भेटत नाही.

त्या वाळवंटातील मोझेस नावाच्या तपस्व्याने हे वचन कसे आचरिले ते पाहा. तो पूर्वायुष्यात दरोडेखोर होता. आपल्या वाल्याचाच सोबती म्हणावा. वस्तीतील एका भावाच्या हातून काही अपराध घडला. न्याय करण्यासाठी सभा भरली आणि मोझेसला निरोप गेला. तो येईना. पुन्हा बोलावणे गेले. तेव्हा तो एक फुटके भांडे पाण्याने भरून, ते पाठीशी घेऊन निघाला. वाटभर पाणी गळत होते. लोकांनी विचारले, हे काय? त्याने सांगितले, की माझी पापे माझ्या मागे अशी गळत आहेत, ती मला दिसत नाहीत, आणि मी आज दुसऱ्याच्या पापाचा न्याय करावयास आलो आहे. सभेने त्या भावाला क्षमा केली. उपदेशाचे शब्द फारसे उच्चारावे लागलेच नाहीत, भांडे बोलले.

मराठीच्या अंगणात

ही वचने आपल्याला परक्या भाषेतून वाचावी लागत नाहीत. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट धर्मगुरू 1579 साली गोव्यात आला. तेथील साष्टी भागात राहून तो मराठी शिकला आणि त्याने सुमारे 11,000 ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ रचिले. ते 1616 साली रायतूर येथे छापले गेले. नवख्रिस्ती कुटुंबांना आपला धर्म कळावा म्हणून त्याने ओवी आणि पुराण ही आपलीच साधने हाती घेतली. एकोणिसाव्या शतकात तेव्हाच्या अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या परिसरात ख्रिस्ती कीर्तनेही होऊ लागली. टाळ, पूर्वरंग आणि उत्तररंग तेच. आख्यान मात्र बायबलातील.

रेव्हरंड नारायण वामन टिळक संस्कृताचे व्यासंगी होते. 1893 साली आगगाडीच्या प्रवासात एका सहप्रवाशाने त्यांना नव्या कराराची प्रत दिली. ती वाचता वाचता ते डोंगरावरील प्रवचनापाशी थबकले. 1895 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्या एका निर्णयाने घरावर केवढे आभाळ कोसळले, ते लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’त लिहून ठेविले आहे. ते वाचताना हिंदू वाचकाचे मन दुखते, आणि ते दुखणे खोटे नाही. पण त्याच पुस्तकात लक्ष्मीबाईंचे मन एकेक पायरी कसे मोकळे होत गेले तेही आहे. लहान वचने निरुपद्रवी असतात, असे समजणाऱ्याने हे चरित्र अवश्य वाचावे. वचन खरोखर अंतःकरणात गेले, तर ते माणसाला होता तेथे राहू देत नाही.

पंडिता रमाबाई यांना संस्कृत पांडित्यासाठी 1878 साली कलकत्त्यास ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या मिळाल्या होत्या. त्यांनीच पुढे हिब्रू आणि ग्रीक या मूळ भाषा शिकून संपूर्ण बायबलाचे मराठी भाषांतर केले. केडगावच्या मुक्तिसदनातील स्त्रियांनी खिळे जुळवून ते छापले. 1922 साली रमाबाई निवर्तल्या आणि 1924 साली ग्रंथ बाहेर पडला. ज्यांना भागवत कंठगत होते, त्या विदुषीने भाषांतरासाठी हट्टाने सोपी भाषा निवडली; अल्पशिक्षित बाईलाही ते वाचता यावे, एवढाच तिचा हेतू. आपल्या काळात वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुबोध बायबल’ सिद्ध केले. 2020 साली उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव येथे भरलेल्या 93व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. 2024 साली त्यांचे निधन झाले. शेजारधर्माचा विचार मराठीत इतका सहज उपलब्ध असताना तो न वाचणे, यात धर्मनिष्ठा कोणती?

आपण का वाचावे

आता आरंभीच्या प्रश्नाकडे येऊ. दुसऱ्याचे शास्त्र वाचल्याने आपली निष्ठा ढळेल, असे भय काहींना वाटते. स्वामी विवेकानंदांनी परिव्राजक अवस्थेत भगवद्गीतेबरोबर टॉमस अ केंपिस या पंधराव्या शतकातील साधूचा ‘ख्रिस्तानुकरण’ हा ग्रंथ जवळ बाळगिला होता, आणि 1889 साली त्याच्या काही प्रकरणांचे बंगाली भाषांतरही केले होते. ज्यांची ‘गीताई’ आपल्या घरोघर म्हटली जाते, त्या विनोबाजींनी ‘ख्रिस्तधर्म-सार’ संकलित केले. या दोघांची निष्ठा कोठे ढळली, ते भय बाळगणाऱ्यांनी दाखवून द्यावे. पाया पक्का असलेल्या घराला खिडक्या उघडण्याची भीती नसते.

मात्र वाचताना एक सचोटी पाळावयास हवी. ख्रिस्ती मनुष्याच्या दृष्टीने ही वचने केवळ शहाणपणाची वाक्ये नाहीत. क्षमा करण्याचे बळ माणसाला स्वतःच्या प्रयत्नाने येत नाही, ते येशूच्या ठायी असलेल्या कृपेने येते, असा त्यांचा विश्वास आहे. आपण तो स्वीकारणार नाही, तो आपला अधिकार. पण वचन घ्यावयाचे आणि त्यामागचा विश्वास जणू नव्हताच असे दाखवावयाचे, हे दुसऱ्याच्या वृक्षाचे फळ तोडून मूळच नाही असे सांगण्यासारखे आहे. त्याचप्रमाणे प्रत्येक वचन जसेच्या तसे उचलावे, असेही नाही. मुलांना वळण लावण्यासाठी छडीचा पुरस्कार करणारी वचने नीतिसूत्रांत आहेत. आजचे पुष्कळ ख्रिस्ती पालकही त्यातील शिस्त घेतात आणि छडी बाजूस ठेवतात. आपणही आपल्या स्मृतिग्रंथांच्या बाबतीत हाच विवेक करीत आलो आहोत.

हल्ली सकाळी उठल्याबरोबर मोबाईलवर सुविचारांचा पाऊस पडू लागतो. गीतेचा श्लोक, संतांची ओवी, येशूचे वचन, बुद्धाचा उपदेश, सर्व एकापाठोपाठ. आपण वाचतो, हात जोडल्याचे चिन्ह उमटवितो आणि चहा थंड होण्यापूर्वी दहा जणांना पुढे धाडतो. पाऊस पडला, पण घडा पालथा. वाळवंटातील त्या वृद्ध तपस्व्यांना हे दृश्य दिसले असते तर त्यांनी बहुधा मौनच धरले असते. याकोबाच्या पत्रात एक प्रसंग कल्पिला आहे. उघड्या अंगाचा, उपाशी बंधू दारी येतो आणि घरवाला त्याला ऊब मिळो, पोट भरो, असा गोड आशीर्वाद देऊन वाटेस लावितो. देत मात्र काही नाही. अशा आशीर्वादाचा उपयोग काय, असे याकोब विचारतो. पुढे धाडलेल्या सुविचाराची गत याहून निराळी नाही.

म्हणून या नाताळच्या दिवशी वाचकांस एकच विनंती आहे. कोणत्याही ग्रंथातील असो, आपल्या व्याधीला लागू पडेल असे एक वचन निवडावे. जिभेचा रोग असेल तर जिभेचे, तराजूचा असेल तर तराजूचे, आणि भावाभावांतील अबोल्याचा असेल तर कुसळाचे. दुसरे वचन मागण्याची घाई करू नये. घरकामाच्या बाईचे, गड्याचे, दूधवाल्याचे देणे राहिले असेल तर ते सूर्य मावळण्यापूर्वी द्यावे. त्यासाठी तर कोणताही ग्रंथ उघडण्याची गरज नाही. आणि शेजारी एखादे ख्रिस्ती कुटुंब राहत असेल तर फराळाची बशी घेऊन आज त्यांच्याकडे जावे आणि त्यांच्या भिंतीवर जे वचन टांगलेले असेल त्याचा अर्थ त्यांनाच विचारावा. ते सांगतील तो शांतपणे ऐकून घ्यावा. ‘हे आमच्याकडेही आहे’ असे सांगण्याची घाई करू नये. असलेच, तर ते आपल्या वागण्यातून त्यांना कधी तरी दिसेल. पाम्बोला एकोणीस वर्षे लागली. आपल्याला थोडी अधिक लागली तरी चिंता नाही.